गेम कन्सोलला जोड देताना: आधी खाच बघा, मग खरेदी

गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात भाचा म्हापशाहून फोंड्याला आला तो प्लेस्टेशन ५ पिशवीत घालूनच. "मामा, जागा संपली. नवा गेम घालायचा तर जुना काढावा लागतो. आणि ह्याला ग्राफिक कार्ड कुठं बसतं ते पण दाखव." पहिली तक्रार तासाभरात मिटली. दुसरी मिटवायला दोन कप चहा आणि एक बशी भजी लागली, कारण त्याला "बसत नाही" एवढ्या उत्तराने समाधान नव्हतं. का बसत नाही, हे हवं होतं.

रविवारी माझ्याकडे अशी दोन-चार यंत्रं येतातच. कुणाचा काका तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला, त्याने बोटीवरून आणलेलं असतं. कुणाचं दुबईहून आलेलं, कुणी पणजीत अठरा जून रस्त्यावर घेतलेलं. प्रश्न तोच: ह्यात काय वाढवता येईल? पहिल्यांदाच स्क्रू ड्रायव्हर हातात घेणाऱ्यासाठी हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

काय वाढतं आणि काय वाढत नाही

घरच्या संगणकात मेमरी काढून दुसरी घालता येते, ग्राफिक कार्ड बदलता येतं. कन्सोलमध्ये तसं नसतं. प्लेस्टेशन ५ ची १६ जीबी मेमरी आणि तिचा प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेले आहेत. एक्सबॉक्सचं तेच, स्विचचं तेच. बनवणाऱ्याने ज्या ठिकाणी खाच ठेवली असेल तिथेच जोड देता येते, आणि आजच्या यंत्रांत ती खाच जवळजवळ नेहमी साठवणीची असते. म्हणजे जास्त गेम ठेवता येतील, काही यंत्रांत ते लवकर उघडतील. पण गेम आहे त्यापेक्षा देखणा दिसणार नाही. "हे लावा, ग्राफिक्स दुप्पट" असं सांगून कुणी डबी विकत असेल तर ते पैसे वाचवा आणि मासे आणा.

असं का, ह्याचं उत्तर जुन्या यंत्रांत सापडतं. सेगाचं मेगा ड्राइव्ह जपानमध्ये १९८८ साली आलं. १९९१ मध्ये त्याला सीडी चालवणारी जोड आली, मेगा-सीडी. नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत आणखी एक आली, ३२एक्स. कार्ट्रिजच्या, म्हणजे गेमच्या कॅसेटच्या, खाचेत वरून खोचायची ही काळी अळंबीसारखी वस्तू. आत हिताचीचे दोन एसएच-२ प्रोसेसर. कागदावर भारी. पण त्याच महिन्यात सेगाने जपानमध्ये सॅटर्न हे पूर्ण नवं कन्सोल विकायला काढलं, त्यातही एसएच-२ ची जोडी. घेणाऱ्याने काय करायचं? ज्याने ३२एक्स घेतलं त्याला वर्षभरात कळलं की गेम बनवणारे सॅटर्नकडे वळलेत. ३२एक्ससाठी जेमतेम चाळीसच्या आसपास गेम निघाले.

माझ्या ओळखीच्या एका तारवटी काकांकडे हा तिन्ही मजल्यांचा संच होता, अमेरिकेतून आणलेला. मेगा-सीडी खाली, मेगा ड्राइव्ह मध्ये, ३२एक्स वर. प्रत्येक मजल्याला वेगळा अॅडॉप्टर, तोही वीटेएवढा. तिन्ही ११०-१२० व्होल्टवाले, म्हणून मागे एक स्टेप-डाऊन ट्रान्स्फॉर्मर घूं घूं करत बसलेला. खेळायला बसायच्या आधी अर्धा तास वायरी सोडवण्यात जायचा.

यात चूक तंत्राची नव्हती. गेम बनवणारा हिशेब करतो की माझा गेम किती घरांत चालेल. यंत्र दहा घरांत आणि जोड एकाच घरात असेल, तर तो दहा घरांसाठी लिहितो. मग जोडीला गेम नाहीत म्हणून लोक ती घेत नाहीत, आणि लोक घेत नाहीत म्हणून गेम येत नाहीत.

यातून सुटलेली उदाहरणंही आहेत. निन्टेन्डोने १९९३ च्या स्टार फॉक्समध्ये सुपर एफएक्स नावाची जादा चिप थेट कार्ट्रिजच्या आतच घातली. गेम घेतला की चिप आलीच, वेगळी जोड घ्यायचा प्रश्न नाही. आणि निन्टेन्डो ६४ ला पुढच्या बाजूला एक छोटं दार होतं. त्यात १९९८ पासून एक्सपान्शन पॅक बसवता येऊ लागला आणि मेमरी ४ जीबी नव्हे बरं, ४ एमबीची ८ एमबी झाली. डॉन्की काँग ६४ (१९९९) आणि मेजोराज मास्क (२०००) हे गेम त्याशिवाय चालतच नाहीत. मोठे गेम आले म्हणून जोड खपली. कुणाच्या माळ्यावर असं निन्टेन्डो ६४ सापडलं तर एक लक्षात ठेवा: त्या दारामागची खाच रिकामी ठेवायची नाही. एक्सपान्शन पॅक नसेल तर मूळचा जंपर पॅक तरी तिथे हवाच, नाहीतर पडद्यावर काही दिसत नाही आणि माणूस टीव्हीला दोष देतो.

आपलं यंत्र कोणतं, खाच कुठली

खरेदीच्या आधी यंत्राच्या मागचं किंवा खालचं लेबल वाचा आणि मॉडेल क्रमांकाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. दुकानात "पीएसचं द्या" म्हटलं तर काहीही हातात पडतं.

प्लेस्टेशन ४ (साधं, स्लिम आणि प्रो): आतली २.५ इंची साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) डिस्क काढून दुसरी बसवता येते. नवी किमान १६० जीबीची हवी आणि तिची जाडी ९.५ मिमीपेक्षा जास्त नको. बाहेरून यूएसबी ३.० ची डिस्कही चालते, २५० जीबी ते ८ टीबी.

प्लेस्टेशन ५: आत एम.२ ची, म्हणजे पातळ पट्टीच्या आकाराच्या साठवणीची, मोकळी खाच आहे. मूळची साठवण तशीच राहते, नवी तिच्या जोडीला येते. यूएसबी डिस्कही लावता येते, पण तिच्यावरून फक्त पीएस४ चे गेम चालतात. पीएस५ चा गेम तिथे नुसता ठेवता येतो. खेळायचा झाला की परत आत आणायचा.

एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस: मागे स्वतःची वेगळी खाच आहे, तिच्यात त्याच कामासाठी बनवलेलं एक्सपान्शन कार्डच बसतं. यूएसबी डिस्कचा नियम प्लेस्टेशन ५ सारखाच: जुन्या एक्सबॉक्स वनचे गेम तिच्यावरून चालतात, नव्या सिरीजचे गेम फक्त ठेवायचे.

निन्टेन्डो स्विच: मायक्रो एसडी कार्ड. स्विच २, जो जून २०२५ मध्ये आला, त्याला मात्र मायक्रो एसडी एक्सप्रेस कार्डच लागतं. दिसायला दोन्ही सारखी, पण जुन्या कार्डावर त्याचे गेम ठेवता येत नाहीत. भावंडांत एकाकडे स्विच आणि दुसऱ्याकडे स्विच २ असला की इथे हमखास घोळ होतो.

स्टीम डेक (हातात धरून खेळायचं यंत्र): आत एम.२ आहे, पण २२३० मापाची, म्हणजे ३० मिमी लांबीची आखूड पट्टी. उघडण्याआधी मायक्रो एसडी कार्ड बाहेर काढायला विसरलात तर मागचं झाकण निघताना कार्डाचे दोन तुकडे होतात. आवाजही येतो. तो आवाज मी ऐकलाय, आणि कार्ड माझं नव्हतं.

खरेदी

इथून पुढे मुख्यतः प्लेस्टेशन ५ बद्दल बोलू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटाच्या पट्ट्या येतात, पीसीआयई ह्या जास्त वेगवान जोडणीच्या तिसऱ्या पिढीच्या (जेन ३) येतात आणि चौथ्या पिढीच्याही (जेन ४). प्लेस्टेशन ५ ला लागते ती एनव्हीएमई, पीसीआयई जेन ४ एक्स४. खोक्यावर हे शब्द नसतील तर खोकं परत ठेवा. वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त असावा, असं सोनी सुचवते. क्षमता २५० जीबी ते ८ टीबी. माझं मत विचाराल तर १ टीबीपेक्षा लहान घेऊ नका. हल्लीचे मोठे गेम शंभर-शंभर जीबी जागा खातात, ५०० जीबीची पट्टी दिवाळीपर्यंत भरते.

लांबीची मापं २२३०, २२४२, २२६०, २२८० आणि २२११० अशी लिहिलेली असतात. पहिले दोन आकडे रुंदीचे, पुढचे लांबीचे, सगळे मिमीत. बाजारात सर्रास मिळते ती २२८०, तीच घ्या.

पट्टीला हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारं धातूचं आवरण, हवाच. काही पट्ट्या हीटसिंकसकट येतात, काहींना वेगळा लावावा लागतो. नवख्याने लावलेलाच घ्यावा, दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी चालतील. जाडी मात्र तपासा: हीटसिंक धरून एकूण ११.२५ मिमीपेक्षा जास्त नको, त्यातही पट्टीच्या वरच्या अंगाला ८ मिमीपर्यंतच. गेमिंग संगणकासाठी बनवलेले उंच, पंखवाले हीटसिंक दिसायला भारी असतात, पण खाचेचं झाकण त्यांच्यावर बसत नाही.

वेगळा हीटसिंक लावणार असाल तर माझी फजिती ऐका. पहिली पट्टी मी अशीच सजवली होती. उष्णता ओढणारी करडी, च्युइंगगमसारखी मऊ पट्टी असते, तिच्या दोन्ही बाजूंना पातळ पारदर्शक कागद असतो. मी एकाच बाजूचा काढला. यंत्र चालू झालं, वेगही दाखवला, मी खूश. मग मोठा गेम हलवायला घेतला की निम्म्यावर गती पडायची. चार दिवस मी गेमला, मग कंपनीला, मग विजेला शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी उघडून पाहिलं तर कागद तिथेच, घामेजलेल्या पापडासारखा सुरकुतलेला. दोन्ही बाजू. दोन्ही बाजूंचा कागद काढायचा.

आता नकली मालाबद्दल. हे कार्डांच्या बाबतीत जास्त होतं, पण यूएसबी डिस्कांतही चालतं. एका जत्रेच्या फेरीत मी स्वस्तात मायक्रो एसडी कार्ड उचललं, वर २५६ जीबी छापलेलं. पहिले तीसेक जीबी सगळं सुरळीत. नंतर आधीचे गेम उघडेनात. अशा कार्डाची आतली चिप लहान असते आणि कार्ड यंत्राला खोटा आकडा सांगतं. जागा संपली की नवीन माल जुन्यावरच लिहिला जातो. म्हणून नवं कार्ड कन्सोलमध्ये घालण्याआधी संगणकावर तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३. दोन्ही फुकट आहेत. ते कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून ताळा जुळवतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात. रात्री लावून झोपा.

उघडण्याआधी: आपली हवा, आपली वीज

मार्गदर्शक पुस्तिकांत हा भाग नसतो, कारण त्या फोंड्यात लिहिलेल्या नसतात.

एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून आणलेलं थंड यंत्र पावसाळ्यात लगेच उघडू नका, चालूही करू नका. थंड पत्र्यावर दमट हवेचं पाणी धरतं, गार सोलकढीच्या पेल्याला बाहेरून धरतं तसंच. तासभर खोलीत तसंच राहू द्या.

खाणपट्ट्यातून, म्हणजे डिचोली-साखळीकडून आलेल्या यंत्रात लाल धूळ असते, पंख्याच्या पात्यांवर थर बसलेला. मोरजी-हरमलकडून आलेल्यात धूळ कमी पण धातूच्या भागांवर खारं हिरवट. दोन्हीवर मऊ कोरडा ब्रश, आणि संपर्काच्या पिनांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस. फुंकर मारायची नाही. जुन्या कार्ट्रिजना आपण सगळ्यांनी फुंकर मारलीय, पण तोंडाची वाफ म्हणजे ओलावाच. खोबरेल तेल लावून आणलेलं एक कार्ट्रिजही मी पाहिलंय. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

झुरळं आणि मुंग्या. यंत्र गरम राहतं, आत अंधार असतो, त्यांना ते आवडतं. उघडण्याआधी यंत्र जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवा, जेवणाच्या टेबलावर नको. घरात कोण आहे त्यावर तुमची पुढची शांतता अवलंबून आहे.

स्थिर विजेचा धोका आपल्याकडे जुलैत कमी, कारण हवाच ओली. डिसेंबर-जानेवारीत किंवा एसीत मात्र पट्टी हातात घेण्याआधी एखाद्या उघड्या लोखंडी वस्तूला, खिडकीच्या गजाला हात लावा. पट्टी कडेने धरा, सोनेरी पिनांना बोट नको.

आणि वीज. मे महिन्यात मळब भरून आलं की प्लग काढा, नेटची वायरही काढा; वीज तिच्यातूनही येते. फॉरमॅट किंवा सिस्टम भरण्याचं काम असेल तर यूपीएसवर करा, निदान आकाश निरभ्र असताना करा. परदेशातून आलेल्या यंत्राच्या लेबलावर इनपुट काय लिहिलंय ते वाचा. १००-२४० असेल तर फक्त पिनेचा आकार बदलणारा प्लग पुरे. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं की एकदा चट् आवाज येतो आणि मग काही वाढवायचा प्रश्नच उरत नाही.

प्लेस्टेशन ५ मध्ये पट्टी बसवणं

साहित्य फार नाही: फिलिप्स १ नंबरचा स्क्रू ड्रायव्हर, मऊ टॉवेल, स्क्रू ठेवायला वाटी, आणि मोबाईलचा टॉर्च.

आधी यंत्र चालू करून सिस्टम अद्ययावत करा. ही खाच आत असली तरी ती वापरायची सोय सर्वांसाठी सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने झाली, आणि ८ टीबीपर्यंतची मुभा २०२३ मध्ये. कपाटात पडून असलेलं किंवा जुनं घेतलेलं यंत्र त्याआधीचं असू शकतं.

मग पूर्ण बंद करा. रेस्ट मोड म्हणजे बंद नव्हे. नारिंगी दिवा दिसत असेल तर यंत्र जागंच आहे. दिवा विझला की सगळ्या वायरी काढा आणि गार होऊ द्या.

खालचा स्टँड काढा. टॉवेलवर यंत्र आडवं ठेवा, डिस्क ड्राइव्हचा फुगवटा खाली येईल असं. खाच डिस्क ड्राइव्हच्या विरुद्ध बाजूच्या पांढऱ्या झाकणाखाली आहे. पहिल्या मॉडेलमध्ये हे झाकण नुसतं ओढून निघत नाही. एक कोपरा हळूच उचलत उचलत सरकवायचं असतं. टक् असा आवाज येतो आणि पहिल्यांदा प्रत्येकाच्या काळजात धस्स होतं. काही तुटलेलं नसतं. स्लिममध्ये प्रत्येक बाजूचं झाकण दोन तुकड्यांत आहे, तिथे तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतलं चित्र एकदा बघून घ्या.

झाकण निघालं की मोठा पंखा दिसेल. त्याच्यावरची धूळ याच वेळी ब्रशने काढून घ्या, पातं बोटाने धरून. शेजारी लांबट धातूची पट्टी दिसेल, एका स्क्रूने बसवलेली. ते खाचेचं झाकण. स्क्रू सोडवा, वाटीत टाका. याच्या पलीकडे आत काही उघडायचं नाही. प्रोसेसरवर पातळ द्रवरूप धातू आहे, तो सांडला तर बोर्ड गेला.

खाचेत एका टोकाला जोडणी असते आणि पुढे ओळीने भोकं: ३०, ४२, ६०, ८०, ११०. एका भोकात छोटा स्क्रू आणि त्याखाली कडं असतं, त्याला स्पेसर म्हणतात. तुमची पट्टी २२८० असेल तर स्क्रू काढून स्पेसर ८० च्या भोकावर न्या. हा स्पेसर मेथीच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा असतो. भाच्याच्या वेळी तो माझ्या हातून निसटला आणि आम्ही दोघं वीस मिनिटं फरशीवर रांगत होतो. टॉवेल त्यासाठीच मोठा घ्यायचा.

आता पट्टी. तिच्या पिनांमध्ये एक कापलेली खूण असते, ती जोडणीतल्या अडसराशी जुळते. उलटी बसतच नाही, म्हणून जोर लावायची गरज पडली तर थांबा. थोडी तिरकी धरून आत सरकवा, सोनेरी पिना दिसेनाशा होईपर्यंत. हात सोडला की दुसरं टोक जरा वर उचललेलं राहील, ते बरोबर आहे. ते हलकेच दाबून स्पेसरवर टेकवा आणि स्क्रू लावा. घट्ट म्हणजे बोटांनी घट्ट, मनगटाने नव्हे. या स्क्रूचं डोकं चेपलं तर पुढचा रविवारही यातच जातो.

खाचेचं झाकण परत लावा, तो स्क्रू लावा. पांढरं झाकण ठेवून उलट दिशेने सरकवा, टक् आवाज यायला हवा. स्टँड लावा. मगच वायरी.

चालू केल्यावर यंत्र स्वतःच सांगेल की नवीन एम.२ सापडली, फॉरमॅट करायची. हो म्हणा. ह्याने तुमच्या आधीच्या गेमना काही होत नाही, फक्त नवी पट्टी पुसली जाते. काही सेकंदांत काम होतं आणि वाचनाचा वेग पडद्यावर येतो. तो ५,५०० पेक्षा जरा कमी दिसला म्हणून लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका; आधी एक मोठा गेम तिच्यावर हलवून चालवून बघा.

यानंतर सेटिंग्जमध्ये साठवणीच्या भागात जाऊन नवे गेम कुठे बसवायचे ते एम.२ असं ठरवा. आधीचे गेम हलवता येतात, परत डाऊनलोड करावे लागत नाहीत. गावाकडे ज्यांचं नेट पावसात रडतं त्यांना ह्याची किंमत कळेल. तुमच्या खेळाची जतन केलेली प्रगती मात्र मूळच्या साठवणीतच राहते, ती पट्टीबरोबर जात नाही.

प्लेस्टेशन ४ ची डिस्क बदलणं

इथे यांत्रिक काम सोपं आणि बाकीचं किचकट, कारण जुनी डिस्क काढली की सिस्टमही तिच्याबरोबर जाते.

म्हणून आधी जतन केलेली प्रगती यूएसबीवर उतरवा. ही सोय पीएस४ मध्ये सेटिंग्जमध्येच आहे, पैसे भरावे लागत नाहीत. ट्रॉफी मिळवल्या असतील तर त्या सर्व्हरवर चढवून घ्या. मग संगणकावर सोनीच्या संकेतस्थळावरून सिस्टम पूर्ण नव्याने भरायची फाईल उतरवा. अपडेटची फाईल वेगळी आणि ही वेगळी. ही १ जीबीच्या आसपास असते, अपडेटची त्याहून बरीच लहान. ज्यांनी लहान फाईल घेतली ते तासभर एकाच पडद्याकडे बघत बसतात. यूएसबी फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, तिच्यात पीएस४ नावाचं फोल्डर, त्याच्या आत अपडेट नावाचं, आणि त्यात ही फाईल. फोल्डरांची नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत. अक्षर चुकलं तर यंत्राला फाईल दिसत नाही.

डिस्कची जागा मॉडेलवार बदलते. पहिल्या मॉडेलमध्ये वरच्या झाकणाचा डावा भाग सरकवून काढायचा, स्लिम आणि प्रोमध्ये मागच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण. आत एक स्क्रू असतो, त्याच्यावर त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन कोरलेले असतात. तो काढला की डिस्कचा ट्रे ओढून बाहेर येतो. ट्रेचे चार स्क्रू सोडवा, नवी डिस्क त्याच दिशेने बसवा, परत सरकवा.

बंद यंत्राचं बटण दाबून धरा. पहिला बीप होईल, साधारण सात सेकंदांनी दुसरा. तेव्हा सोडा. सेफ मोड येईल. फाईल भरलेली यूएसबी लावा, कंट्रोलर वायरने जोडा, सिस्टम नव्याने भरायचा सातवा पर्याय निवडा. यूपीएसबद्दल जे वर म्हटलं ते नेमकं या अर्ध्या तासासाठी.

डिस्कच्या जागी साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी) घातली तर गेम उघडायला लागणारा वेळ कमी झाल्याचं सहज जाणवतं. जुन्या पीएस४ वर करण्यासारखा हा एकमेव खर्च आहे, असं माझं मत.

बाकीच्यांचं थोडक्यात

स्विच बंद करा, मागचा पाय उघडा, कार्ड घाला, टक् होईपर्यंत दाबा. इथेही प्रगती यंत्रातच राहते, कार्डावर नाही. म्हणून कार्ड खराब झालं तर गेम परत उतरवावे लागतील पण खेळलेलं जात नाही.

एक्सबॉक्सचं एक्सपान्शन कार्ड मागे खोचलं की झालं. स्क्रू ड्रायव्हर नाही, फॉरमॅटची कटकट जवळजवळ नाही. सोय उत्तम. फक्त ठराविक कार्डच बसत असल्याने बाजारात भाव पाडून मागायला वाव नाही.

प्लेस्टेशन ५ स्लिमचं डिजिटल मॉडेल घेतलं असेल तर त्याला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो. झाकणाचा एक तुकडा काढायचा, ड्राइव्ह खोचायचा, त्याच्याबरोबरचं फुगीर झाकण लावायचं. पहिल्यांदा जोडताना यंत्र इंटरनेटवर हवं, हे विसरू नका. ज्या वाड्यावर चार घरं एकमेकांत डिस्का फिरवतात तिथे हा खर्च वर्षभरात वसूल होतो.

काढलेली जुनी डिस्क

पीएस४ मधून काढलेली ५०० जीबीची डिस्क फेकू नका. २.५ इंची साटा डिस्कची यूएसबी ३.० वाली केसिंग मिळते, नुसता प्लास्टिकचा डबा आणि एक छोटा बोर्ड. डिस्क तिच्यात घाला, पीएस४ ला जोडा आणि जादा साठवण म्हणून फॉरमॅट करा. जुनी सिस्टम आणि गेम त्यात पुसले जातात, म्हणून वरची प्रगती यूएसबीवर उतरवल्याची खात्री आधी करा. हीच डिस्क पुढे प्लेस्टेशन ५ ला लावली तर पीएस४ चे गेम तिच्यावरून थेट चालतात. मध्ये यूएसबी हब घालू नका, थेट यंत्रालाच जोडा.

भाच्याने जुन्या डिस्कचं हे काम दुसऱ्या दिवशी लगेच केलं. चवथीच्या रात्री आरतीनंतर मोठ्यांचा पत्त्यांचा डाव रंगला होता, आणि आतल्या खोलीत पाच पोरं एका टीव्हीसमोर. मधेच लाईट गेली. सगळे एका सुरात ओरडले आणि मग त्याचा आवाज आला: "घाबरू नका रे, आज फॉरमॅट चालू नाही."